कॉन्टॅक्ट शीटपासून रॉ फाइलपर्यंत : कथनपर छायाचित्रणातील संपादन-कार्यपद्धतीचा ऐतिहासिक विकास

प्रस्तावना

१९५५ साली अमेरिकन छायाचित्रकार डब्ल्यू. यूजीन स्मिथ हे पिट्सबर्ग या पोलादनगरीत एका नियोजित ग्रंथासाठी छायाचित्रे काढण्यास गेले. ग्रंथाचे संपादक स्टीफन लोरांट यांची अपेक्षा माफक होती. सुमारे तीन आठवड्यांत शंभर छायाचित्रे त्यांना हवी होती. प्रत्यक्षात हे काम काही वर्षे लांबले आणि निगेटिव्हांची संख्या सुमारे १७,००० वर गेली. त्यांतून स्मिथ यांनी जवळजवळ दोन हजार छायाचित्रे महत्त्वाची मानली. परंतु त्यांचा एकसंध छायाचित्रनिबंध त्यांच्या मनाप्रमाणे कधीच सिद्ध झाला नाही. १९५९ च्या 'फोटोग्राफी ॲन्युअल'मध्ये त्याचा एक अंश प्रसिद्ध झाला, तोही स्मिथ यांना अपयशच वाटला. कॅमेऱ्यावर आणि डार्करूमवर असामान्य प्रभुत्व असलेला हा छायाचित्रकार निवडीच्या टप्प्यावर अडला.

स्मिथ यांना त्या संख्येपर्यंत पोहोचण्यास मोठा काळ लागला. आज एखाद्या मोर्चाचे, यात्रेचे किंवा दुष्काळी गावाचे चित्रण करणारा छायाचित्रकार दोन-तीन दिवसांत पाच हजार छायाचित्रे सहज काढू शकतो. म्हणजेच स्मिथ यांच्यापुढील पेच आता अपवादात्मक राहिलेला नाही. त्यावर उपाय म्हणून 'वर्कफ्लो', म्हणजे छायाचित्र कॅमेऱ्यातून बाहेर पडल्यापासून प्रकाशित व जतन होईपर्यंतच्या कामाचा ठरीव क्रम, ही संकल्पना डिजिटल युगात रूढ झाली. बहुतेक वेळा तिची चर्चा सॉफ्टवेअरच्या अंगाने आणि वेगाच्या निकषावर होते. मात्र या क्रमाचा इतिहास पाहिल्यास त्याचे बहुतेक टप्पे फिल्मच्या काळातच घडले होते, असे दिसते. कार्यक्षमतेचा विचार करताना कोणता टप्पा का अस्तित्वात आला, हे समजून घेतल्याशिवाय तो वगळणे इतिहासाच्या दृष्टीने महाग पडते, असे प्रतिपादन प्रस्तुत निबंधात करण्यात आले आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. फिल्मच्या काळातील छायाचित्र-संपादनाच्या पद्धतीचे स्वरूप स्पष्ट करणे.
२. डिजिटल तंत्रज्ञानामुळे या पद्धतीत झालेल्या बदलांचा आढावा घेणे.
३. कथनपर छायाचित्रणासाठी कार्यक्षम आणि त्याच वेळी ऐतिहासिक पुरावा जपणाऱ्या कार्यपद्धतीची तत्त्वे मांडणे.

छोटा कॅमेरा आणि निवडीचा प्रश्न

निवडीचा प्रश्न मोठ्या प्रमाणावर निर्माण झाला तो छोट्या कॅमेऱ्यामुळे. ऑस्कर बार्नाक यांनी विकसित केलेला लायका कॅमेरा १९२५ च्या लाइपझिग जत्रेत बाजारात आला. सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर २४ बाय ३६ मिलिमीटरच्या ३६ चौकटी त्यात टिपता येत. काचेच्या एकेका प्लेटवर एकेक दृश्य विचारपूर्वक घेणाऱ्या छायाचित्रकाराच्या हाती आता घटनांची मालिका टिपण्याचे साधन आले. एका प्रसंगाची दहा-बारा दृश्ये मिळू लागली, तेव्हा त्यांतील कोणते छापावे आणि कोणत्या क्रमाने छापावे, हा स्वतंत्र कामाचा विषय बनला.

जर्मनीतील सचित्र साप्ताहिकांनी या कामाला आकार दिला. 'म्युंशनर इलुस्ट्रीर्ट प्रेस'चे संपादक असलेले लोरांट पुढे इंग्लंडमध्ये गेले आणि १९३८ मध्ये 'पिक्चर पोस्ट'चे पहिले संपादक झाले. अमेरिकेत हेन्री ल्यूस यांच्या 'लाइफ' या सचित्र साप्ताहिकाचा पहिला अंक २३ नोव्हेंबर १९३६ रोजी निघाला. या नियतकालिकांच्या कार्यालयांत कामाची स्पष्ट विभागणी होती. छायाचित्रकार फिल्मचे रोल पाठवी. प्रयोगशाळेत ते धुतले जात. रोलच्या पट्ट्या कागदावर थेट ठेवून कॉन्टॅक्ट शीट काढली जाई. चित्रसंपादक भिंगातून ती पाहून रंगीत पेन्सिलीने चौकटींवर खुणा करी. निवडक चौकटींच्या प्रिंट निघत. मांडणीकार त्यांची पाने लावी आणि लेखक चित्रओळी लिही.

२० सप्टेंबर १९४८ च्या 'लाइफ'मध्ये प्रसिद्ध झालेला स्मिथ यांचा 'कंट्री डॉक्टर' हा छायाचित्रनिबंध या पद्धतीचे यश दाखवितो. कोलोरॅडो राज्यातील क्रेमलिंग या लहान गावातील डॉ. अर्नेस्ट सेरियानी यांच्यासमवेत स्मिथ यांनी २३ दिवस घालविले. त्यांतून उरली ती थोडी पाने; पण एका डॉक्टरच्या दिवसरात्रीचा थकवा त्या क्रमातून वाचकापर्यंत पोहोचला. याच पद्धतीविरुद्ध स्मिथ यांची तक्रार होती, हेही लक्षात घेतले पाहिजे. आपल्या चित्रांचा अर्थ इतरांनी ठरवावा, हे त्यांना मान्य नव्हते आणि त्याच वादातून त्यांनी 'लाइफ' सोडले. पिट्सबर्गमध्ये ते मोकळे होते, परंतु 'पुरे' असे सांगणारा दुसरा डोळा तेथे उरला नव्हता.

नाकारलेल्या चौकटींचे मोल

फिल्मच्या पद्धतीचा एक गुण तेव्हा कोणाच्या विशेष लक्षात आला नव्हता. निवड होऊनही न निवडलेले नष्ट होत नसे. निगेटिव्हच्या पट्टीवर निवडलेली चौकट आणि तिच्या शेजारच्या नाकारलेल्या चौकटी एकत्रच राहत. कॉन्टॅक्ट शीट ही त्यामुळे संपादकीय निर्णयाची आपोआप तयार झालेली नोंदवही होती. काय पाहिले, काय घेतले आणि काय टाळले, हे तिन्ही तिच्यावर वाचता येत असे.

अमेरिकेतील मंदीच्या काळातील सरकारी छायाचित्रण-प्रकल्प याचे उत्तम उदाहरण ठरतो. १९३५ पासून रॉय स्ट्रायकर यांच्या नेतृत्वाखाली ग्रामीण दारिद्र्याचे चित्रण झाले. हा प्रकल्प पुढे 'फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन'चा म्हणून ओळखला गेला. आरंभीच्या वर्षांत स्ट्रायकर नापसंत निगेटिव्हला यंत्राने भोक पाडून ती बाद करीत. छायाचित्रकारांना ही पद्धत अत्यंत क्लेशदायक वाटे. तथापि भोक पाडलेल्या अनेक निगेटिव्हही संग्रहात राहिल्या. आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमधील या संग्रहात सुमारे १,७५,००० कृष्णधवल निगेटिव्ह आहेत. एखाद्या शेतमजुराच्या चेहऱ्यावर उमटलेले ते काळे वर्तुळ सरकारी यंत्रणेला कोणते चित्र नको होते, याची साक्ष अभ्यासकाला देते.

डोरोथिया लँग यांनी मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे घेतलेले 'मायग्रंट मदर' हे छायाचित्र याच प्रकल्पातील आहे. त्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात तंबूच्या खांबावर टेकलेला एक अंगठा दिसत असे. काही वर्षांनी निगेटिव्हवर संस्कार करून तो पुसट करण्यात आला. जुन्या प्रिंट शिल्लक असल्यामुळेच हा बदल सिद्ध करता येतो. स्मिथ यांच्या १९५४ मधील अल्बर्ट श्वाइट्झर यांच्यावरील निबंधातील प्रमुख छायाचित्र दोन निगेटिव्हांच्या जोडणीतून तयार झाले होते, हेही नंतरच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. फेरफार डिजिटल युगातच सुरू झाले, हा समज या दोन उदाहरणांनी दूर होतो. फिल्मच्या काळातही फेरफार होत. फरक इतकाच की मूळ निगेटिव्ह सहसा शिल्लक राही आणि तिच्यावरून तो पकडता येई.

नाव, ओळ आणि ओळख

संपादनाच्या क्रमातील सर्वांत दुर्लक्षित टप्पा म्हणजे माहितीची नोंद. लँग यांनी निपोमो येथील त्या मातेचे नाव विचारलेच नव्हते. ती स्त्री फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन असल्याचे जगाला १९७८ मध्ये, म्हणजे चार दशकांनी समजले. तोपर्यंत जगातील एक अतिपरिचित चेहरा अनामिक राहिला होता.

भारतातील उदाहरण दुसऱ्या बाजूचे आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या होमाई व्यारावाला या भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार मानल्या जातात. सुरुवातीच्या काळात त्यांची छायाचित्रे त्यांचे पती माणेकशा व्यारावाला यांच्या नावाने प्रसिद्ध झाली. पहिल्या उदाहरणात चित्रातील व्यक्तीचे नाव हरवले, तर दुसऱ्यात चित्र घेणाऱ्या व्यक्तीचे. दोन्ही ठिकाणी दोष कॅमेऱ्याचा नव्हता, नोंदीचा होता.

'मेक्सिकन सूटकेस' या नावाने प्रसिद्ध असलेला ठेवा याच मुद्द्याला बळ देतो. रॉबर्ट कापा, गेर्डा टारो आणि डेव्हिड सीमूर यांनी स्पेनच्या यादवी युद्धात घेतलेल्या सुमारे ४,५०० निगेटिव्ह २००७ मध्ये मेक्सिको सिटीहून न्यूयॉर्कच्या इंटरनॅशनल सेंटर ऑफ फोटोग्राफीकडे आल्या. पूर्ण रोल उपलब्ध झाल्याने कोणती छायाचित्रे कोणाची, याचा नव्याने विचार करता आला आणि टारो यांच्या कामाचे श्रेय अधिक स्पष्ट झाले. सुटी प्रिंट मुकी असते; क्रमाने राहिलेला रोल बोलतो.

डिजिटल संक्रमण : वेग वाढला, भूमिका एकवटल्या

१९७५ मध्ये कोडॅकचे अभियंता स्टीव्ह सॅसन यांनी तयार केलेला प्रायोगिक डिजिटल कॅमेरा एक दृश्य कॅसेटवर नोंदविण्यास २३ सेकंद घेत असे. १९९१ मध्ये कोडॅकने निकॉनच्या कॅमेऱ्यावर आधारित १.३ मेगापिक्सेलची डीसीएस प्रणाली वृत्तछायाचित्रकारांसाठी आणली. तिचा साठवणुकीचा भाग वेगळा खांद्यावर वागवावा लागे. १९९९ मध्ये आलेल्या निकॉन डी-१ ने वृत्तपत्रांतील फिल्मचा काळ संपत आल्याचे स्पष्ट केले. दरम्यान १९९० मध्ये टॉमस व जॉन नॉल या बंधूंनी विकसित केलेले फोटोशॉप बाजारात आले होते.

या संक्रमणाने प्रयोगशाळा, चित्रसंपादक, चित्रओळ-लेखक आणि संग्रहपाल यांची कामे हळूहळू छायाचित्रकाराच्या एकट्याच्या संगणकावर येऊन पडली. यातून दोन गंभीर परिणाम झाले.

पहिला परिणाम नाशाचा. स्मृतिपत्राची क्षमता मर्यादित असल्याने छायाचित्रकार कॅमेऱ्यावरच चित्रे पुसू लागले. १९९८ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांचे प्रकरण उघडकीस आले, तेव्हा 'टाइम'चे छायाचित्रकार डर्क हॅल्स्टेड यांना मोनिका लेविन्स्की यांचा चेहरा परिचित वाटला. आपल्या संग्रहातील हजारो पारदर्शिका धुंडाळल्यावर त्यांना १९९६ च्या एका निधीसंकलन समारंभातील छायाचित्र सापडले. त्यात क्लिंटन गर्दीतील लेविन्स्की यांना आलिंगन देत होते. ते 'टाइम'च्या मुखपृष्ठावर आले. त्याच समारंभात डिजिटल कॅमेरे वापरणाऱ्यांनी ती क्षुल्लक वाटलेली दृश्ये पुसली होती, असे हॅल्स्टेड यांनी नंतर सांगितले. १९९६ मध्ये ते चित्र खरोखरच क्षुल्लक होते. त्याचे महत्त्व पुढील घटनांनी ठरविले आणि ते आधी ओळखणे कोणालाच शक्य नव्हते.

दुसरा परिणाम अदृश्य फेरफाराचा. 'नॅशनल जिओग्राफिक'ने फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठासाठी गिझाचे पिरॅमिड संगणकाच्या साह्याने जवळ सरकविले, तेव्हा ते तंत्र मोठ्या संस्थांच्याच आवाक्यात होते. वीस वर्षांनी ते रणभूमीवरील लॅपटॉपवर आले. २००३ मध्ये 'लॉस एंजेलिस टाइम्स'चे छायाचित्रकार ब्रायन वॉल्स्की यांनी बसरा येथील दोन चौकटी जोडून एक चित्र केले. गर्दीतील काही व्यक्ती त्यात दोनदा दिसल्याने प्रकार उघड झाला आणि त्यांना नोकरी गमवावी लागली. २००६ मध्ये लेबनॉनमधील युद्धाच्या चित्रात धूर वाढविल्याचे आढळल्यावर रॉयटर्सने अदनान हज यांची सर्व ९२० छायाचित्रे मागे घेतली.

मूळ जपणारे संपादन

या दोन्ही परिणामांवरील उत्तर अंशतः तंत्रज्ञानातूनच आले. रॉ फाइलमध्ये कॅमेऱ्याच्या संवेदकाने टिपलेली माहिती प्रक्रिया न करता राहते. सुरुवातीच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेला बदल चित्रबिंदूंवरच होत असे आणि तीच फाइल पुन्हा साठविल्यास मूळ नाहीसे होई. ॲपलचे 'ॲपर्चर' २००५ मध्ये आणि ॲडोबीचे 'लाइटरूम' २००७ मध्ये आले. त्यांनी वेगळा मार्ग घेतला. मूळ फाइलला हात न लावता उजेड, रंग, कातर यांविषयीच्या सूचना स्वतंत्रपणे साठवायच्या आणि अंतिम चित्र त्या सूचनांनुसार नव्याने तयार करायचे, असे त्याचे स्वरूप होते. निगेटिव्ह वेगळी आणि प्रिंट वेगळी, हे डार्करूममधील जुने तत्त्वच येथे परत आले.

माहितीच्या नोंदीबाबतही असेच घडले. कॅमेऱ्यातील तांत्रिक तपशील फाइलमध्ये लिहिणारे 'एक्झिफ' मानक १९९५ मध्ये आले. वृत्तसंस्थांच्या आयपीटीसी या संघटनेने छायाचित्रकार, स्थळ, चित्रओळ, हक्क इत्यादींसाठी ठरविलेले रकाने १९९० च्या दशकात चित्रफाइलमध्येच भरता येऊ लागले आणि २००१ नंतर ॲडोबीच्या 'एक्सएमपी' पद्धतीने ते अधिक व्यापक झाले. पूर्वी प्रिंटच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेली ओळ आता फाइलच्या पोटात गेली. मात्र एक मूलभूत फरक राहिला. दिनांक व वेळ यंत्र स्वतः लिहिते. व्यक्तीचे नाव आणि प्रसंगाचा अर्थ मनुष्यालाच लिहावा लागतो.

सॉफ्टवेअरवर पूर्णतः विसंबण्यातील धोकाही याच इतिहासात दिसतो. ॲपलने जून २०१४ मध्ये 'ॲपर्चर'चा विकास थांबविण्याची घोषणा केली आणि त्यात वर्षानुवर्षे केलेली वर्गवारी व रंगसंस्कार दुसरीकडे नेण्याचा प्रश्न वापरकर्त्यांपुढे उभा राहिला. चित्रओळी आणि मानांकन यांसारखी माहिती सर्वमान्य मानकांत असल्यास ती टिकते. एका उत्पादनाच्या खासगी सूचना त्या उत्पादनाबरोबर संपण्याची शक्यता असते.

कार्यक्षम क्रमाची तत्त्वे

वरील इतिहासातून कथनपर छायाचित्रणासाठी कामाचा पुढील क्रम सुचविता येतो.

सर्वप्रथम स्मृतिपत्रातील सर्व चित्रे संगणकावर घेऊन त्यांची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर करावी. ती झाल्याशिवाय स्मृतिपत्र पुसू नये. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी प्रचलित केलेला '३-२-१' नियम येथे उपयुक्त ठरतो. त्यानुसार तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवली जाते. चित्रे घेतानाच छायाचित्रकाराचे नाव, स्थळ, दिनांक आणि प्रकल्प हे समान तपशील सर्व फाइलींत एकदम भरता येतात. व्यक्तींची नावे त्याच दिवशी वहीतून उतरवावीत, कारण आठवड्यानंतर स्मरणावर विसंबता येत नाही.

त्यानंतर निवड. 'वाईट ते काढणे' आणि 'चांगले ते उचलणे' या दोन पद्धतींपैकी दुसरी अधिक वेगवान आहे. पाच हजारांतून साडेचार हजार चित्रे नाकारण्यासाठी साडेचार हजार निर्णय जाणीवपूर्वक घ्यावे लागतात. पाचशे उचलण्यासाठी पाचशेच खुणा पुरतात. १९९८ पासून वृत्तछायाचित्रकारांमध्ये लोकप्रिय असलेल्या 'फोटो मेकॅनिक'सारख्या साधनांचा भर अशा जलद पाहणीवरच आहे. दुसऱ्या फेरीत पाचशेंतून साठ-सत्तर आणि तिसऱ्या फेरीत कथेला लागणारी बारा ते वीस चित्रे उरतात. शेवटची फेरी शक्यतो दुसऱ्या व्यक्तीसमवेत करावी. चित्रसंपादकाची गेलेली भूमिका भरून काढण्याचा तेवढाच मार्ग उरतो.

रंग-उजेडाचे संस्कार हे क्रम लावून झाल्यावरच करावेत. हा मुद्दा सर्वांत अधिक वेळ वाचविणारा असूनही सर्वांत अधिक मोडला जातो. एकेका चित्रावर अर्धा तास खर्च झाल्यावर त्याविषयी ममत्व निर्माण होते आणि कथेत त्याचे स्थान नसतानाही ते ठेवले जाते. शिवाय संपूर्ण मालिकेला एक स्वर देणे निवड झाल्यावरच शक्य होते.

अखेरीस जतन. न निवडलेल्या चित्रांनी जागा व्यापते, हा आक्षेप योग्य आहे. परंतु ३० मेगाबाइटची एक फाइल धरल्यास तीन हजार रॉ फाइलींना सुमारे ९० गिगाबाइट जागा पुरते आणि आजच्या साध्या हार्ड डिस्कवर असे दहा प्रकल्प सहज मावतात. पुसण्याचा निर्णय घ्यायचाच असल्यास तो प्रकल्प पूर्ण झाल्यानंतर, स्वतंत्रपणे आणि स्वस्थ चित्ताने घ्यावा. घाईच्या रात्री कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो घेऊ नये.

विश्वासार्हतेची कसोटी

मूळ फाइलचे महत्त्व आता व्यावसायिक नियमांनीही अधोरेखित केले आहे. वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत शेवटच्या टप्प्यांत पोहोचणाऱ्या चित्रांच्या मूळ फाइली तपासल्या जातात. २०१५ मध्ये उपान्त्य फेरीतील २० टक्के चित्रे या तपासणीत बाद झाली. त्याच वर्षी रॉयटर्सने स्वतंत्र छायाचित्रकारांकडून रॉ फाइलवर प्रक्रिया केलेली चित्रे न घेता कॅमेऱ्यातील मूळ जेपेग फाइलच मागण्याचे धोरण स्वीकारले. २०२१ मध्ये स्थापन झालेल्या सीटूपीए या गटाने चित्राच्या उगमाची व बदलांची नोंद फाइलशीच जोडण्याचे मानक विकसित केले. कृत्रिम बुद्धिमत्तेने संपूर्ण चित्र निर्माण करता येत असताना या नोंदीची निकड वाढली आहे.

महाविद्यालयांनाही हा विषय परका नाही. क्षेत्रभेटी, मौखिक इतिहासाचे प्रकल्प, राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे यांची असंख्य छायाचित्रे दरवर्षी काढली जातात. २०१७ नंतरच्या नॅक मूल्यांकनात अनेक बाबींसाठी जिओटॅग केलेली छायाचित्रे मागविण्यात आली. त्यामुळे अक्षांश-रेखांश नोंदविण्याची सवय लागली. पण त्या चित्रातील वृद्ध शेतकऱ्याचे, कारागिराचे किंवा विद्यार्थिनीचे नाव पुष्कळदा कोठेच नसते. निपोमोची चूक अशा प्रकारे नव्याने घडत राहते.

निष्कर्ष

छायाचित्र-संपादनाची कार्यपद्धती ही संगणकाबरोबर जन्मलेली बाब नाही. निवड, क्रम, संस्कार, नोंद आणि जतन हे तिचे टप्पे फिल्मच्या काळात वेगवेगळ्या हातांनी घडविले. फिल्मच्या मर्यादेमुळे नाकारलेले आपोआप जपले जाई. डिजिटल युगात ते जपण्यासाठी निर्णय घ्यावा लागतो, हा दोन युगांतील महत्त्वाचा भेद होय. त्यामुळे वेग हा कार्यक्षमतेचा एकमेव निकष ठरू शकत नाही. जी पद्धत छायाचित्रकाराला कथेपर्यंत लवकर पोहोचविते, मूळ अबाधित ठेवते आणि चित्रातील व चित्रामागील माणसांची नावे पुढील पिढीपर्यंत नेते, तीच खऱ्या अर्थाने कार्यक्षम होय. स्मिथ यांना पिट्सबर्गचा निबंध पूर्ण करता आला नाही. पण त्यांच्या निगेटिव्ह व प्रिंट ॲरिझोना विद्यापीठातील सेंटर फॉर क्रिएटिव्ह फोटोग्राफीसारख्या संस्थांत जपल्या गेल्याने तो निबंध कसा होऊ शकला असता, याचा शोध पुढील अभ्यासकांना घेता आला. पुसलेल्या स्मृतिपत्राच्या बाबतीत तेवढी संधीही उरत नाही.